पाली घेऊन पुढे काय? सोलापुरातून बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासाकडे

बारावीचे नाहीतर बी.ए.चे निकाल लागले, की दरवर्षी एक-दोन विद्यार्थी, बहुधा आईला किंवा मामांना सोबत घेऊन, घरी येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, पाली घेऊन पुढे काय?" पाली ही जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा. या प्रश्नात पोटापाण्याची काळजी असते आणि ती रास्त असते, कारण येणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच पिढी असते. बौद्ध ग्रंथांचा अभ्यास हाच आयुष्याचा व्यवसाय करायचा असेल, तर काय शिकावे, कोणत्या क्रमाने शिकावे, कोठे जावे, पैशाची सोय कशी लावावी आणि कोणत्या चुका टाळाव्यात, हे मी त्यांना एका बैठकीत सांगण्याचा प्रयत्न करते. तेच येथे सविस्तर लिहीत आहे. सगळ्या सल्ल्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या क्षेत्रात माणसाची खरी कमाई म्हणजे मूळ ग्रंथाचे एक पान समोर ठेवून त्यातल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब देता येणे. पदवी, फेलोशिप, नोकरी यांचा निर्णय घेताना या कमाईत भर पडते की नाही, एवढे जरी पाहिले तरी बहुतेक निर्णय बरोबर येतात.

हे काम नेमके काय असते

धम्मपदाची पहिली गाथा आपल्यापैकी अनेकांच्या कानावर असते : "मनोपुब्बङ्गमा धम्मा मनोसेट्ठा मनोमया". मन सर्व धर्मांच्या, म्हणजे अनुभवाला येणाऱ्या गोष्टींच्या, पुढे चालणारे आहे, मन श्रेष्ठ आहे, ते धर्म मनोमय म्हणजे मनाने घडलेले आहेत, असा अर्थ आपण सांगतो आणि पुढे जातो. अभ्यासकाला येथेच थांबावे लागते. हीच गाथा खरोष्ठी लिपीत भूर्जपत्रावर लिहिलेल्या गांधारी धर्मपदात आहे, पाटण्याच्या धर्मपदात आहे आणि संस्कृत उदानवर्गातही आहे. पण या तिन्ही ठिकाणी "मनोमय" हा शब्द नसून "मनोजव" असा शब्द आहे, म्हणजे मनाच्या वेगाने जाणारे. एका शब्दाने अर्थ केवढा बदलतो ते पाहावे. एका पाठात जग मनाने घडते, दुसऱ्या पाठात ते मनाच्या वेगाने धावते. छंदावरून निकाल लावावा म्हटले, तर दोन्ही शब्दांची लघु-गुरूंची मांडणी सारखीच आहे. तीन विरुद्ध एक अशी मते मोजूनही निकाल लागत नाही, कारण त्या तीन पाठांचे आपापसांत नाते काय, कोणता कोणावरून आला, हे आधी तपासावे लागते. मग पाली अट्ठकथा, म्हणजे ग्रंथावरची जुनी टीका, या शब्दावर काय म्हणते, "मनोमय" हा शब्द निकायांत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहांत, इतरत्र कोणत्या अर्थाने येतो, गाथेच्या दुसऱ्या अर्ध्या भागातल्या गाड्याच्या चाकाच्या उपमेशी कोणता शब्द जास्त जुळतो, अशी एकेक बाजू पाहत जावे लागते.

ज्या विद्यार्थ्याला हे ऐकताना पुढे काय निघाले हे जाणून घेण्याची ओढ लागते, त्याने या वाटेला जरूर यावे. ज्याला बुद्धाच्या विचारांविषयी आदर आहे पण अशा बारकाव्यांत रस वाटत नाही, त्याने तत्त्वज्ञान, इतिहास किंवा समाजशास्त्र या अंगांनी बौद्ध विषयांचा अभ्यास करावा. त्यात काहीही उणे नाही, फक्त ती वाट वेगळी आहे.

आधी भाषा, आणि भाषेत आधी पाली

मराठी कानाला पाली परकी वाटत नाही, हा आपला मोठा लाभ आहे. संस्कृतातले "भक्त" पालीत "भत्त" होते आणि मराठीत "भात". "कर्ण", "कण्ण" आणि "कान". "सप्त", "सत्त" आणि "सात". "हस्त", "हत्थ" आणि "हात". जोडाक्षराचे पालीत द्वित्त होते, आणि मराठीपर्यंत येताना द्वित्तातले एक व्यंजन गळून आधीचा स्वर दीर्घ होतो, एवढा एक नियम लक्षात घेतला तरी शेकडो शब्द आपोआप ओळखीचे होतात. मराठी पालीपासूनच निघाली असा अर्थ यातून काढू नये. मराठीचे जवळचे नाते महाराष्ट्री प्राकृताशी आहे, आणि पाली त्याच कुळातली आधीच्या पिढीतली आहे.

परंतु ही ओळखच पुष्कळदा दगा देते. मराठीत वेदना म्हणजे दुखणे; पालीत मात्र सुखा वेदना, दुक्खा वेदना आणि अदुक्खमसुखा वेदना अशा तीन वेदना सांगितल्या आहेत, कारण तेथे वेदना म्हणजे केवळ अनुभवलेली संवेदना. हा फरक न कळता केलेली भाषांतरे आजही छापली जातात. म्हणून ओळखीचा वाटणारा शब्द कोशात आधी पाहावा आणि अनोळखी शब्द नंतर पाहिला तरी चालेल, असे मी मुद्दाम सांगते.

अभ्यासाची पद्धत साधी आहे, पण ती रोज पाळावी लागते. दोनशे पानी वही घ्यावी. डाव्या पानावर मूळ उताऱ्याच्या चार-पाच ओळी हाताने उतरवाव्यात. उजव्या पानावर चार रकाने आखावेत, त्यांत शब्द, त्याचे मूळ रूप, विभक्ती किंवा काळ, आणि त्या जागी लागणारा अर्थ लिहावा. त्यानंतरच खाली आपले मराठी भाषांतर लिहावे आणि सर्वांत शेवटी छापील भाषांतराशी ते ताडून पाहावे. छापील भाषांतर आधी वाचले, तर डोळा त्याच अर्थाच्या मागे जातो आणि शब्द पाहायचे राहून जातात. उतारा मोठ्याने वाचावा. माझे पहिले दोन निकाय आमच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाचून झाले. आवाज चढवून वाचावे लागे, त्यामुळे सुत्तांतली, म्हणजे निकायांतल्या उपदेशांतली, पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये नकळत पाठ झाली. हे ग्रंथ लिहिले जाण्यापूर्वी कितीतरी काळ पाठांतराने जपले गेले होते, हे पुस्तकात वाचून जेवढे कळते त्याहून अधिक ते असे वाचताना कळते.

एका जागी किती थांबावे याचे एक उदाहरण देते. बहुतेक सुत्ते "एवं मे सुतं" या शब्दांनी सुरू होतात आणि पुढे "एकं समयं भगवा सावत्थियं विहरति" असे येते. "एके समयी" असा अर्थ असताना येथे सप्तमी नसून द्वितीया का, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडतो. पाचव्या शतकात बुद्धघोषाने हाच प्रश्न आपल्या अट्ठकथेत उपस्थित केला आहे. अभिधम्मात, म्हणजे तत्त्वचर्चेच्या ग्रंथांत, "यस्मिं समये" अशी सप्तमी येते, विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांच्या ग्रंथांत, "तेन समयेन" अशी तृतीया येते आणि सुत्तांत "एकं समयं" अशी द्वितीया येते, हे सांगून त्याने त्यामागची कारणे दिली आहेत. आपल्याला पडलेला प्रश्न पंधराशे वर्षांपूर्वीच्या टीकाकारालाही पडला होता, हे प्रथम कळते तो दिवस विसरला जात नाही.

वाचनाचा क्रम म्हणाल, तर धम्मपदाच्या ४२३ गाथा, मग जातकांतील सोप्या गोष्टी, त्यानंतर दीघनिकायातील सिगालोवाद आणि सामञ्ञफल ही सुत्ते, आणि मग मज्झिमनिकाय असा ठेवावा. दीघनिकायात ३४ आणि मज्झिमनिकायात १५२ सुत्ते आहेत. या दोहोंपैकी निम्मी जरी मुळातून वाचली तरी पाया पक्का होतो. अभिधम्माकडे वळण्याची घाई करू नये. संपूर्ण त्रिपिटक, म्हणजे विनय, सुत्त आणि अभिधम्म मिळून होणारा ग्रंथसंग्रह, देवनागरीत उपलब्ध आहे : नालंदा येथून भिक्षु जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली निघालेली ४१ खंडांची आवृत्ती जुन्या ग्रंथालयांत मिळते, आणि इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने रंगूनच्या सहाव्या संगायनाचा, म्हणजे भिक्षूंच्या ग्रंथपाठाच्या सभेचा, पाठ देवनागरीत छापला असून तो संगणकावरही विनामूल्य वाचता येतो. पुस्तके मिळत नाहीत म्हणून अडले, ही सबब आता उरलेली नाही.

संस्कृत, तिबेटी, चिनी

पालीत वर्षभर काढल्यावर संस्कृत सुरू करावे, आणि ते टाळू नये. आपल्याकडे काही विद्यार्थ्यांच्या मनात संस्कृतविषयी अढी असते आणि तिला इतिहास आहे, हे मी जाणते. तरीही अश्वघोष, नागार्जुन, वसुबंधू, धर्मकीर्ती यांनी संस्कृतातच लिहिले आहे, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसण्यापेक्षा आपण स्वतः वाचणे केव्हाही चांगले.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत तिबेटी किंवा चिनी यांपैकी एक भाषा निवडावी. याचे कारण एका ग्रंथावरून समजेल. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचे २८ सर्ग होते. संस्कृतात त्यांपैकी सुमारे पहिले निम्मेच उरले आहेत, आणि पुढची कथा तिबेटी व चिनी भाषांतरांतूनच वाचावी लागते. पुण्याचे पु. वि. बापट यांचे उदाहरण तर विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते. विमुत्तिमग्ग हा ग्रंथ पूर्ण स्वरूपात सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात टिकून आहे. बापटांनी त्या चिनी पाठाची बुद्धघोषाच्या पाली विसुद्धिमग्गाशी बारकाईने तुलना केली, आणि तो अभ्यास १९३७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाला. एक मराठी माणूस त्या काळात चिनी शिकून हे करतो, तर आज हातातल्या मोबाइलवर चिनी त्रिपिटकाचा सगळा संग्रह उघडता येत असताना आपण कचरण्याचे कारण नाही. चीनला गेलेल्या आणि तेथली भाषा आपलीशी केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे हे गाव आहे, हेही मी येथे आवर्जून सांगते.

तिबेटीसाठी सारनाथची केंद्रीय तिबेटी संस्था आणि धरमशाला येथील तिबेटी ग्रंथालय ही नावे सगळ्यांना ठाऊक असतात. पण आपल्याला त्याहून जवळ कर्नाटकातले मुंडगोड आहे, जेथे द्रेपुंग आणि गांदेन हे महाविहार पुन्हा उभारले गेले आहेत. सोलापूरच्या मुलांचे एक बळ मला वर्गात नेहमी दिसते. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी असे वाढलेले मूल नव्या भाषेला घाबरत नाही; चुकत-माकत बोलायला लागते, आणि भाषा तशीच येते. याखेरीज जर्मन किंवा फ्रेंच निदान वाचण्यापुरती यावी, कारण गेल्या दीडशे वर्षांतले पुष्कळ मूलभूत संशोधन त्या भाषांत आहे. इंग्रजीचे वेगळे सांगायला नको.

कोठे शिकावे

पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ आणि छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ येथे पालीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. विभाग निवडताना नावाकडे न पाहता एक चौकशी करावी : तेथे आठवड्यातून किती तास मूळ ग्रंथाचे वाचन होते? शक्य असेल तर प्रवेश घेण्यापूर्वी एक दिवस वर्गात जाऊन बसावे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येता येते, तेवढा एक दिवस खर्च करावा. पुण्याचा आणखी लाभ म्हणजे १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आणि डेक्कन कॉलेज ही दोन ग्रंथालये हाताशी असतात, आणि धर्मानंद कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ पासून पाली शिकवायला सुरुवात केल्यावर तेथे जी परंपरा उभी राहिली तिचे संस्कार अजून टिकून आहेत. कोसंबी गोव्याचे. सिंहलद्वीपात पाली शिकून आल्यावर त्यांनी कलकत्त्याची विद्यापीठातली नोकरी सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या महिना ५० रुपयांवर महाराष्ट्रात येऊन काम सुरू केले, हे पालकांना सांगितले की ते थोडे गप्प होतात. मी ते मुलांनी उपाशी राहावे म्हणून सांगत नाही. मराठीत हा विषय कोणत्या किमतीला आला, हे ठाऊक असावे म्हणून सांगते.

सोलापुरात राहूनही एक गोष्ट शिकता येते. येथील जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४३ मध्ये तिलोयपण्णत्ती या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, आणि त्याचे संपादन आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन या दोन मोठ्या पंडितांनी केले. ग्रंथ जैन आहे, तरी निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठ कसे नोंदवायचे, कोणता पाठ वर घ्यायचा आणि कोणता तळटीपेत ठेवायचा, हे त्याची पाने उलटताना डोळ्यांपुढे येते. बौद्ध ग्रंथांच्या विद्यार्थ्याने अर्धमागधी आणि शौरसेनी या प्राकृत भाषांची तोंडओळख करून घ्यावीच. आपल्या गावात छापलेल्या पुस्तकापासून सुरुवात करता येते, ही सोय थोड्या गावांना आहे.

भीमेच्या काठाने

ग्रंथांच्या अभ्यासकाने शिलालेखही पाहावेत. पंढरपूरला आपण जिला चंद्रभागा म्हणतो तीच भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळून जाते. तेथल्या एका देवळाचे छत कोसळल्यावर, मूर्तीखाली बसवलेल्या शिळेवर अशोकाचे आदेश कोरलेले आढळले. त्यांतले दोन स्वतंत्र आदेश तोवर ओडिशातल्या धौली आणि जौगड येथूनच ठाऊक होते. जवळच कनगनहळ्ळीला मोठ्या स्तूपाचे अवशेष निघाले, आणि त्यांत राजा व राणी दाखवलेल्या एका शिल्पावर ब्राह्मी अक्षरांत "रायो असोको" असे लिहिलेले आहे. ब्राह्मीची मुळाक्षरे महिनाभरात येतात. ती शिकून विद्यार्थ्याने पहिली सहल येथे काढावी, जातककथांच्या शिल्पांवरची नावे स्वतः वाचावीत आणि वहीत उतरवून घ्यावीत. आपण जे पुस्तकात वाचतो ते आपल्याच नदीच्या काठी कोणीतरी दगडात कोरून ठेवले आहे, हे पाहिल्यावर पुढच्या वर्षाचे वाचन वेगळ्या नेटाने होते.

विषय, मार्गदर्शक आणि पैसा

पीएच.डी.चा विषय लहान घ्यावा. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. माझा पहिला आराखडा "पाली साहित्यातील स्त्रीजीवन" असा होता, आणि त्यावर दीड वर्ष टिपणे काढूनही माझ्या हाती इतरांनी आधीच लिहिलेल्या गोष्टींपलीकडे काही लागले नाही. अखेरीस थेरीगाथेतील, म्हणजे भिक्षुणींच्या गाथासंग्रहातील, अम्बपालीच्या १९ गाथा आणि त्यांवरची धम्मपालाची अट्ठकथा एवढेच घेऊन बसले. जवळजवळ प्रत्येक गाथेत तरुणपणीच्या एकेका अवयवाचे वर्णन, मग त्याची म्हातारपणीची अवस्था, आणि शेवटी "सच्चवादिवचनं अनञ्ञथा", सत्यवाद्याचे वचन अन्यथा होत नाही, हे पालुपद. तेवढ्या १९ गाथांत छंद, अलंकार, पाठभेद आणि टीकाकाराची दृष्टी असे चार प्रश्न निघाले, आणि तेव्हा कोठे प्रबंध सुरू झाला. ज्या ग्रंथाचे प्रत्येक पान तुम्ही तीनदा वाचू शकाल तेवढाच ग्रंथ घ्यावा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्यापाशी बसून वाचता येईल का, हे विचारावे. केवळ सही करणारा मार्गदर्शक या विषयात उपयोगाचा नाही.

पैशाची पहिली मोठी सोय म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप. पाली हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. २०२३ पासून ही फेलोशिप पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ दर्जा मिळाल्यावर ४२,००० रुपये आहे. परीक्षेत दोन पेपर एकाच बैठकीत, तीन तासांत सोडवावे लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पहिल्या पेपरकडे पालीचे विद्यार्थी दुर्लक्ष करतात आणि तेथेच मागे पडतात. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून त्याची तयारी सुरू करावी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची पीएच.डी. फेलोशिप आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे आणि जातवैधता प्रमाणपत्राचे काम बी.ए.लाच उरकून घ्यावे, कारण ऐनवेळी अर्ज त्यावाचून अडतो. पीएच.डी.ला प्रशिक्षणक्रम धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. फेलोशिप आणि प्रबंध एकाच वेळी संपावेत असा हिशेब पहिल्याच वर्षी मांडावा.

नोकरीविषयी खरे तेच सांगते. कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, पण पालीच्या अशा जागा थोड्या निघतात, आणि मधली वर्षे अनेकांना तासिका तत्त्वावर काढावी लागतात. मीही काढली. एका महाविद्यालयात जूनपासून शिकवलेल्या तासांचे मानधन पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात हाती आले, आणि तोवर घर शिकवण्यांवर चालले. या काळात दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक म्हणजे कितीही महाविद्यालये धरली तरी सकाळचा वाचनाचा तास कोणाला देऊ नये. दुसरी म्हणजे पैसे भरून लेख छापणाऱ्या मासिकांच्या मागे लागू नये. तसे दहा लेख असण्यापेक्षा एका गाथेवरचा नीट तपासलेला एक लेख मुलाखतीत अधिक बोलतो. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे. त्यातून अध्यासने आणि प्रकल्प निघतील तेव्हा तयार माणसे हवी असतील. प्राध्यापकीशिवाय हस्तलिखितांची सूची, कोशकार्य, ग्रंथांचे संगणकीय संपादन आणि भाषांतर ही कामेही आहेत, आणि तिबेटी वा चिनी जाणणाऱ्याला ती अधिक सहज मिळतात. परदेशी जायचे असल्यास जपान सरकारची आणि जर्मनीची डाड ही शिष्यवृत्ती पाहावी. दोन्हीकडे तुमचा विषय किती नेमका आहे आणि भाषा किती येतात, हेच प्रामुख्याने विचारले जाते.

मराठीत लिहिणे मात्र कोठेही गेले तरी सोडू नये. अट्ठकथांचा फार थोडा भाग मराठीत आला आहे, आणि जे भाषांतर घरातल्या आजीला वाचून दाखवता येते ते करताना आपले न कळलेले शब्द सर्वांत आधी उघडे पडतात.

आता या वर्षी माझ्याकडे येणाऱ्यांसाठी एक विनंती. येताना गुणपत्रिका आणली नाही तरी चालेल. धम्मपदाच्या यमकवग्गातल्या पहिल्या दहा गाथा वहीत उतरवून, चार रकाने आखून, जमेल तेवढे भरून आणावेत. जेथे अडले असेल तेथे कोरी जागा सोडावी. आपण तेथूनच सुरुवात करू.